शिवाप्पाची खोड

राजाजीनगरच्या गॅरेजात स्कूटरची वाट बघत बसलेल्या मालोजीच्या कानावर पलीकडचं बोलणं पडत होतं. लढाईतली जुनी जीप घेऊन प्रतापराव मल्लाप्पा मिस्त्रीकडे आले होते.

“चारी चाकांना नवे ब्रेक बसव.”

“सरी अण्णा, बसवतो. हे पार झिजलेत. तुमचा ड्रायव्हर, शिवाप्पा, बोलला नाही?”

“तो रोज कुरकुरायचा. ब्रेक तीन-तीनदा दाबायची खोड होती त्याला.”

“खोड नव्हे अण्णा. पहिल्या दाबाला लागतच नसणार.”

“असेल.”

“उतारावर ती म्हातारी जीपखाली सापडली, तेव्हा?”

“मी शेजारीच होतो. बजावलं होतं, आज एकदाच दाबायचा.”

“ऐकलं त्यानं?”

“ऐकलं.”

“आता तो तुरुंगात. कोर्टात हे सांगितलंत, अण्णा?”

“तू ब्रेक बसव.”