निळ्या डब्याची अमानत

— नाई नाई भाऊ, आधी बसा, असे लंगडत उभे नका राहू — डबा हाय ना, डबा कुठं जाते? जसा ठेवून गेल्ते तसाच हाय निळा डबा, झाकनावरची चिकटपट्टी बी हालली नाई. अकील, गाडी बंद कर बे, सारा धूर घरात येऊन राह्यला. हा माह्या दिराचा अकील, यानंच आनलं ना तुमाले खालच्या सडकेवरून? बरं केलं. पाय केवढा सुजला हो! मांगच्या मुक्कामातच मुरगळला? या अल्ला. घ्या, पानी प्या — माह्याकडे नका पाहू, माह्या रोजा हाय, तुमी प्या बिनघोर.

कोन, मनाली? हाव, आल्ती ना. सकाळीच आल्ती. एकटीच. म्हने पार्टनर मांगं राह्यला, पाय दुखते त्याचा. पानी भरून घेतलं अन् गेली पुढं. चांगली होती, बोलली, चालली — काऊन? डबा? डबा कसा नेईन ती? डबा मी तिले कायले देईन?

असे काऊन पाहून राह्यले? तुमीच तं म्हनले होते! याच वट्यावर बसून म्हनले होते, संक्रांत झाल्यावर पायी वाटेचं खायचं आधीच ठेवाले गाडीवर आल्ते तवा, की आपा, मी येईन तवा माह्याच हाती द्या, दुसरं कोनी मांगलं तं देऊ नका. म्हने आधी एकदा असेच पायी निघालो होतो तवा एका दुकानदारानं आमचं खायचं भलत्याच पोरांना देऊन टाकलं अन् आमी डोंगरात उपाशी हिंडलो. म्हनले होते की नाई? मंग! माह्याच हाती — हे तुमचे शब्द हायेत, माह्ये नाईत. म्या ते धरून ठेवले. आमच्यात अमानत म्हंजे काय, माहीत हाय का तुमाले? दुसऱ्याची चीज जशी आली तशीच, ज्यानं देल्ली त्याच्याच हाती. मधात बोट लावनं बी हराम. इथून ऊस तोडाले जातात ना लोकं, तवा घरातलं चांदी-सोनं कोनापाशी ठेवतात? माह्यापाशी. ती पलीकडची पंचफुला, बौद्धवाड्यातली — तिचा सख्खा देर आला होता तिच्या पाटल्या मांगाले, रडला, पाया पडला, पंचफुलानंच पाठोलं म्हने. नाई देल्ल्या. अन् खोटं बोलत होता तो! पंचफुला आली तवा गळ्यात पडली माह्या. तवापासून सारी वस्ती म्हनते, सरवरीच्या घरी ठेवलं म्हंजे ठेवलं.

तर सांगा, मले कसं समजन की तिले तुमीच पाठोलं? फोनले इथं रेंज नाई. तिनं मोबाईलमधला फोटो दाखवला तुमच्या दोघांचा — फोटो तं कोनासोबत बी निघते भाऊ. म्या म्हनलं, बाई, बस, भाकर खाय, पार्टनर येईपर्यंत थांब. ती म्हने तो आज येत नाई, पायाची सूज उतरली की गाडीनं पुढच्या मुक्कामी जानेफळलेच गाठन मले, म्हनून मीच डबा घेऊन चालतो. आता तुमी इथं येऊन बसले — मंग ती खोटी झाली का खरी? … नाई, खरीच होती. दिसून राह्यलं मले. तुमचा बेत मधात बदलला, ते तिले कसं माहीत असन.

खाल्लं का? … नाई खाल्लं. चूल पेटवली होती म्या, रोज्यात बी पेटवली, पाहुनी उपाशी कशी जाऊ द्यायची? गरम भाकर अन् ठेचा पुढं ठेवला. तिनं ताट बाजूले सारलं. म्हने मले भाकर नाई पाह्यजे, मले माह्या डबा पाह्यजे, त्यात माह्यं औषध हाय.

हाव. म्हनली ती. औषध म्हनली. — पन पंचफुलाचा देर बी औषधच म्हनला होता ना! पाटल्या मोडून पोराचं औषध आनतो म्हनला होता! सारेच औषध म्हनतात. कायचं औषध, असन डोकंदुखीचं, पाय चोळाचं — काय म्हनता?

फिटच्या गोळ्या?

हळू बोला. अकील, आत ये. ऐक. … तिच्याजवळच्या कधी सरल्या? परवाच? इथं भेटतीन म्हनून तेवढ्याच घेतल्या होत्या? अन् न घेता उन्हात चाललं तं — हाव. समजलं. नका सांगू पुढचं. समजलं मले.

थांबा, आनतो, आनतो ना डबा! माजघरात हाय. गोधड्याईच्या खाली. … लपवला नाई म्या — म्हंजे लपवला, ती इथं बसली होती तवा लपवला. ती आत वाकून वाकून पाहत होती. घ्या. घ्या, तुमच्या हाती घ्या. कात्री देऊ? नका दातानं तोडू. निघाल्या का? ह्याच का त्या? एवढ्याशा?

अन् उंद्रीले कायले नाई ठेवला तुमी हा डबा? बाजाराचं गाव, मेडिकल हाय, दवाखाना हाय, फोन लागते. तुमी तं नकाशावर उंद्रीच लिहून आल्ते! मंग — … हाव. मीच म्हनली. माहीत हाय मले, मीच म्हनली. उंद्रीले खाली उतरा, परत चढा, कायले तरास करून घेता, माह्याकडं ठेवा, इथून सरळ डोंगराच्या धारेनं जानेफळ गाठा. खरं सांगू का? मले बरं वाटलं होतं. इतके शिकलेले, शहरातले लोकं डोंगरातली जागा शोधून राह्यले अन् म्हनून राह्यले आपा, तुमच्याकडं सुरक्षित राहीन. चार जनाले सांगतलं म्या. पंचफुलाले सांगतलं. मोठी खूश होती मी.

चालाले लागू नका ना असे! कुठं शोधसान? धारेवर नाई ती. … नाई, धारेनं नाई गेली. मले माहीत हाय. म्या — ती लय वेळ बसली वट्यावर. हालेच ना. रडली बी. अन् मंग म्हनली, तुमालेच ठेवून घ्याचं असन सामान, म्हनून देत नाई. चोर म्हनली मले! माह्या वट्यावर बसून, रमजानच्या महिन्यात! पंचफुलाच्या पाटल्या सांभाळनाऱ्या बाईले! डोकं फिरलं माह्यं. म्या म्हनलं, ऊठ, जाय, तो पाह्य खाली नाला दिसते, नाल्यानाल्यानं गेली तं लवकर जाशीन जानेफळले. अन् दार लावून घेतलं.

लवकर नाई जात हो त्या नाल्यानं. सावली हाय, पन पानी आटलं आता. मानूस बी नाई. गुराखी बी उन्हाळ्यात तिकडं जात नाईत. मले फक्त ती नजरेसमोरून जाऊ द्याची होती. दाराच्या फटीतून पाह्यलं म्या — खाली उतरली, पाठीवर ती मोठी बॅग, एकदा मांगं वळून पाह्यलं तिनं. दार उघडलं असतं म्या, तेवढ्यात उघडलं असतं तं आली असती. नाई उघडलं.

ऐका, आता असं करा. तुमचा हा पाय नाल्यात चालत नाई. गोट्यागोट्याईतून जा लागते. गाडी फक्त वरच्या वाटेनं जाते. मले पायवाट माहीत हाय, सरपनाले जात होती मी तिकडं, मी जातो. गुडघे दुखू देत. गोळ्या द्या माह्यापाशी, पान्याची कॅन घेतो, ती जिथं बसली असन तिथं — द्या ना. वेळ नका करू भाऊ. द्या.

हात पुढं केला म्या. दिसून नाई राह्यला का?

… अकीलले? अकीलच्या खिशात? … बरं. दोन लेकराईचा बाप हाय, गाडी बी हाय, वरून बघीन तो नाल्यात, आवाज देईन. बरं. बरोबर हाय. भेटला तुमाले आत्ताच, तासाभराची वळख नाई, पन — बरं. नका देऊ माह्या हाती. जाय अकील, भाऊले मांगं बसव, पाय जपून. बोरीच्या झाडापाशी थांब अन् तिथून हाका मार, तिथून खालचं वळन दिसते. मी मांगून पायी येतोच, बलावलं नाई तरी येतो. जा. जा लवकर, उभे नका राहू.

अन् हे? हे सारं उघडंच टाकून चालले — खजूर, शेंगदाने, हे पुडके? भाऊ! हे कोनाले द्याचं ते तं सांगून जा! … भाऊ, ती इथंच परत आली तं — तं तिले देऊ ना?