‘आधी’चा रकाना

२१ मार्च २००६, मंगळवार. ऊन कडक, वारा बंद. माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे, म्हणून नक्की सांगते.

टेमघरच्या एका बालवाडीतल्या बायांना मी त्याआधीच्या आठवड्यात तक्ता भरायला शिकवलं होतं. मूल त्रास देतं तेव्हा आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, एवढंच लिहायचं. त्या मंगळवारी त्यांच्यातल्या ताराबाईंनी चार वर्षांच्या शबानाचे चार दिवस लिहून आणले. रोज एक चावा, आणि ‘आधी’च्या रकान्यात रोज ‘काही नाही’.

“असं कसं, ताराबाई?”

“न्हाय म्हंजे न्हाय, मॅडम. गप खेळत असते, एकदम उठते नि चावते. शनिवारी पटावरनं नावच काढते तिचं. आता बाकीच्यांच्या आयाच मला चावायच्या राहिल्यात.”

बुधवारी मी स्वतः कोपऱ्यात बसले. साडेदहाला लाईट गेली, शेजारच्या कापड कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबले आणि त्यांची खडखड बंद झाली. शबाना उठली आणि ताराबाईंच्या मनगटाला चावली.

“आधी लूम थांबले, ताराबाई.”

“ते तर रोजच थांबतात. त्यात काय लिवायचं?”

दुपारी शबानाची आई न्यायला आली, तेव्हा तिला विचारलं.

“हमारी खोली लूम के ऊपर है, मॅडम. उसी आवाज में सोती है. बंद हुआ तो घबराती है.”

गुरुवारी लाईट जाताच ताराबाईंनी शबानाला मांडीवर घेतलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर खटखट, खटखट सुरू केलं. लाईट दोन तासांनी आली.

चावे शून्य. डबा चेपला. शनिवारी नाव काढलं नाही.