वरची अक्कलदाढ

मला वाटलं होतं, दातांची डॉक्टर होऊन बंगळुरूहून कुरुंद्याला परतले की लोकांना नीट समजावून सांगायचं, भीती आपोआप जाईल. पण पहिली पेशंट निघाली माझी सख्खी काकू, आणि ती तोंडच उघडेना.

तिची वरची अक्कलदाढ किडली होती, गाल सुजला होता. गालावर पदर दाबून म्हणाली, "वरची दाढ काढली की डोळा जातो. आमी न्हाई काढत."

"काकू, दाढेचा अन् डोळ्याचा काही संबंध नाही."

"व्हय? मंग तुझी बी वरची दाढ दुखून राहिली, ती काढली का?"

"नाही."

"काहून?"

"वेळ नाही मिळाला," मी म्हणाले. खरं तर पेशंटच्या खुर्चीत स्वतः बसायची मलाच भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सूज वर चढून काकूचा डोळा मिटला होता. संसर्ग आणखी पसरला तर डोळा खरंच धोक्यात येणार होता.

"बघ माय," काकू रडत म्हणाली, "न काढताच चालला डोळा."

"म्हणूनच आत्ता हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात निघायचं, हे आता माझ्या एकटीचं काम नाही."

"मी न्हाई बसत त्या खुर्चीत."

"आधी मी बसते. तिथल्या डॉक्टरांना माझी वरची दाढ काढू दे. मग समोर उभी राहा, तुला ओळखते का बघ."

"आन् न्हाई वळखलं तर?"

माझ्याच दाढेत कळ आली. "तर हात धरून घरी आणायला तू आहेसच," म्हणाले, आणि चपला घातल्या.