वृषालीच्या वाजवण्यात आता हलगी नाही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष हिंदुराव तात्या, शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका संजीवनीताई, हा घाट घालणारा तरुण मंडळाचा अविराज, समोर बसलेल्या निमगाव केतकीच्या समस्त बायाबापड्यांनो, आणि खुर्च्या रिकाम्या असताना मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांनो, सगळ्यांना चंद्राबाईचा नमस्कार.

माझी शाळा दुसरीपर्यंत. संजीवनीताईंनी मला भाषण लिहून दिलं होतं. त्यात ‘आनंदाश्रू’ तीन ठिकाणी होते. मला एकही येईना, म्हणून कागद घरी ठेवून आले. ताई, राग मानू नका.

माझी नात वृषाली येत्या सोमवारी बेंगळुरूला निघालीय. तिथल्या एका क्लबात सहा महिने, दर शनिवारी वाजवणार. मंडळानं तिला शाल दिली, हार घातला. मोठेपणा तुमचा. मी मात्र चार दिवस भाकरीचा घास तोंडात फिरवतेय, गिळवत नाही. का, ते सांगते.

पोरगी यंत्रावर वाजवते त्याला टेक्नो म्हणतात. त्यात गाणं नाही, शब्द नाहीत. एकच ठोका चालू राहतो आणि त्यावर एकेक आवाज चढतो, उतरतो. आधी ती त्या ठोक्यावर हलगी चढवायची. इंदापूरच्या वरातीत लावलं, तेव्हा नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. खोटं कशाला बोलू, गुडघ्याला पट्टा बांधून मीही दोन गिरक्या मारल्या. त्याचाच व्हिडिओ गावोगावच्या फोनांत फिरला.

मग उन्हाळ्यात हिनं वाजवणं बदललं. हलगी काढली, ठोका सावकाश केला. आमच्या विहिरीचं पाणी संपलं आणि मोटर कोरडी ओढायला लागली, तर बंद करायची सोडून ही बया तिथं फोन धरून बसली. तो आवाज तिला वाजवण्यात घ्यायचा होता!

बावड्याला पाहुण्यांकडं, ज्ञानेशच्या हळदीत, भर दुपारी, तिनं तो लावला. पुढं काय झालं असेल? मांडवातले निम्मे गडी ताडकन उठले. “मोटर कोरडी चाललीय रं! स्टार्टर पाड!” म्हणत कुणी विहिरीकडं, कुणी बोअरकडं पळालं. तात्या, हसू नका, पहिले तुम्हीच उठलात. अंगाला हळद, पायात एकच चप्पल, आणि मोटरसायकल काढून थेट इथल्या आपल्या शेतात! बावडा कुठं, आपलं शेत कुठं!

मोटर नव्हे, पोरीचं वाजवणं होतं, हे मागाहून कळलं तेव्हा सगळे चिडले. “हलगी लाव!” म्हणून ओरडा सुरू झाला. आमच्या शेजारची कुशाबाई तेवढी शांत होती. मला म्हणाली, “आवाज वाईट न्हाय गं, पण ह्याच्यावर नाचायचं कधी?”

मला विचाराल, तर मलाही ते नवं आवडत नाही. नात म्हणून मी कौतुक करणार नाही. पण एक बघितलंय. हलगीचं लावते तेव्हा पोरगी एका हातानं फोन बघते, जांभया देते. नवं लावते तेव्हा यंत्रावर अशी ओणवी होते, की हाक मारली तरी ओ देत नाही. आता जांभया देत वाजव, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

तर बेंगळुरूच्या माणसांनी बोलावलंय हलगीचा व्हिडिओ बघून. आणि ही तिथं वाजवणार हे नवं. त्यांना सांगितलं का? बघा, मान खाली घातली. सकाळी विचारलं तर म्हणाली, “आज्जे, गप की. तितं गेल्यावर बघू.”

गेल्यावर काय बघायचं? इथं माणसं उठून गेली, ती मोटर बंद करायला गेली. तिथं उठून गेली, तर कशाला गेली म्हणायचं? आणि परक्या गावात, त्या दिव्यांखाली, ही एकटी उभी. तेच डोळ्यांपुढं येतं आणि हातातली भाकरी हातातच राहते.

आमच्या घरानं आजवर डाळिंबाच्या क्रेटात वर मोठी फळं आणि खाली बारकी, असा माल भरला नाही. व्यापारी पहिला थर बघून घेतो, पण घरी जाऊन सगळा क्रेट उपसतो. मग नाव कुणाचं जातं?

तेव्हा वृषाली, ऊठ. शाल ठेव खुर्चीवर. बाहेर जा आणि त्यांना फोन लाव. म्हणावं, हलगी सोडली, आता असं वाजवते, चालेल का? आणि ते नवं त्यांना ऐकव. “ये” म्हणाले तर सोमवारी मी स्वतः एसटीत बसवून देईन. “नको” म्हणाले तर हा निरोपाचा कार्यक्रम रद्द, उद्या डाळिंबं तोडायला चल. जेवण तयार आहे. मंडळी, तुम्ही पंगतीला बसा. हार परत घ्यायचा की नाही, ते भात येईपर्यंत कळेलच.

अविराजनं आणि मंडळाच्या पोरांनी एवढा खटाटोप केला, तुम्ही कामं टाकून आलात, त्याची जाण आहे. अडाणी बाईचं बोलणं, कुठं खरचटलं असेल तर पोटात घाला. तात्या, तुम्ही तर आधी. वृषाली, तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल. तू आधी फोन कर.