तारेची खरखर

मशीन नाही बिघडली वहिनी, आइका तं खरं — ही खरखर तारेचीच हाये. आवाज धरून ठेवणारी केसाएवढी पोलादी तार, पण तिच्यात लोखंडाच्या बारक्या कणांच्या टोळ्याच टोळ्या बसल्या हायेत. चुंबक आला का साऱ्या एकदम नाही फिरत — पंगतीतले लोक उठतात तशा, ही उठली, मंग ती उठली, आन् हरेक टोळी उठताना खट् करते. माणसाचा आवाज? तो बी त्यांच्याच रांगेत राह्यते. रांग मोडली का खरखर उरते.

असं नका पाहू. आवाज होता. मेहकरात रेडिओ दुरुस्त करणारा हा जानराव खोटं बोलत नाही — बोलतो, पण तुमच्याशी नाही. महाराष्ट्र झाला त्या साली जानेफळच्या बाजारात ही आवाज धरायची मशीन मांडली होती म्या. नारायणराव आले. म्हनलं, बोला कायबी. तुमच्या मालकानं मिशीवर हात फिरवला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं — आन् तुमचं नाव घेतलं. हाव, नाव. जलमभर 'अवं' आन् 'आइकलं का' करणारा माणूस, भरबाजारात. लोक इतके हसले का ते कपाशीच्या गाडीमागं जाऊन उभे राह्यले. तिथंच उभ्या झुंबरबाईनंच सांगितलं ना तुमाले? तिच्या पोटात काय राह्यते.

मंग तो आवाज गेला कुठं म्हणता? अवो — तारेचं रीळ ठेवाले जागा नव्हती. लाउडस्पीकरच्या पाठीवर ठेवलं तं मस्त चिकटून बसलं. म्हनलं, बरं झालं, पडत नाही, उंदीर नेत नाही. तीन साल तिथंच. आता ते काऊन चिकटलं — पाठीवर चुंबक असते म्हणून चिकटलं, दुसरं काय. त्यानं साऱ्या रांगा पुसून टाकल्या मुर्दाडानं. चुंबकाचं काय चुकलं म्हणा, मुर्दाड मीच. वीस साल चुंबकं हाताळून राह्यलो लेकाचा.

शब्द? याद हायेत ना. 'रुखमा, पुढच्या बाजाराले तू बी ये.' येवढंच. घरी म्हनले होते का कधी, जाईस्तोवर? नाही ना. मले वाटलंच.

माह्या तोंडून नको? बरोबर हाये, माहं तोंडच तसं. मंग काय लावू — खरखरच? त्यात आता काही नाही वहिनी, सांगून राह्यलो ना. बरं. बसा. लावतो. मी चूप.