विहिणींचा अडलेला फोन

दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या निवृत्त बाई सुजलेला गाल रुमालाने झाकून बसल्या होत्या. मागच्या बाकावर त्यांची जुनी विद्यार्थिनी नवऱ्याशी बोलत होती.

"आई म्हणते, आधी विहीणबाईंनी फोन करावा," तो म्हणाला.

"माझीही तेच म्हणते. आमच्या बाई शिकवायच्या, दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत बसले की दोन्ही अडकतात."

"मग?"

"एकाला मारायचं."

"माझ्या आईला?"

"प्रोग्रामला रे! नाहीतर तिसऱ्याने मध्ये पडायचं. दे तुझा फोन."

तिने दोघांच्या फोनवरून दोन्ही आयांना फोन लावले, स्पीकर सुरू केले आणि फोन समोरासमोर धरले.

"अगंबाई, विहीणबाई! केलात ना शेवटी फोन!"

"इश्श! तुम्हीच केलात की!"

गप्पा रंगल्या. बाई कान टवकारून ऐकत राहिल्या.

"बरं, ठेवा आता."

"छे, आधी तुम्ही ठेवा."

"नाही हो, आधी तुम्ही!"

"आता गं?"

"हे बाईंनी शिकवलं नव्हतं."