सील नवं, तेल तेच

माहा जन्म बाभुळगावचा. बाप जिनिंगमंदी इंजिनवर तेलवाला होता, म्हणजे दिवसभर हातात तेलाचा डबा घेऊन फिरायचं, कुठी घर्र वाजलं का थेंब सोडायचा, बस्, पण सांडलेलं तेल थो कोणाले पुसू देत नसे जी. कोणी फडकं घेऊन धावला का हा वरडे, थांब ना बाप्पा, आधी पाहू तं दे कुठून आलं, पुसलं का वाट बुजली. मी तिथंच सरकीच्या ढिगावर बसून पाहो अन् इचारो, तिथूनच काहून आलं, काल काहून नाही आलं. घरी भीतीले बाबासाहेबाचा फोटो, त्याच्याकडं पाहून बाप म्हणे, इचारणं वाईट नाही लेका, पण मधात दम तं घे. आता नेरले माहं टिनाचं गॅरेज हाये, बोर्डावर काही बी लिहिलेलं असो, लोकं मले काहून मिस्त्रीच म्हणतेत. म्हणू द्या.

म्हाताऱ्या गाड्या साऱ्या माह्याकडंच येतेत, अन् मले बी त्याच आवडतेत, नव्या गाडीत पाह्यासारखं काय असते? त्यातलीच एक तांड्यावरच्या प्रेमसिंगभाऊची. त्याच्या बायकोले सारा तांडा याडी म्हणते, त्यायच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणजे माय, म्हणून मी बी याडीच म्हणतो. तं काय सांगू तुमाले, याडीच्या किडन्या गेल्या. दर आठवड्यात यवतमाळले मशीनवर रक्त धुवाले न्या लागते. पह्यले एष्टीनं नेत, पण येतांना बाईच्या आंगात जीव राहे नाही, एक डाव तं नेरच्या स्टँडवरच खाली बसली, उठेच ना. तवा भाऊनं ही जुनी डिझेल गाडी घेतली, इतकी चाललेली का मीटर बी थकून बंद पडलेलं. पण याडीले नेऊन आणे. गाडी बंद तं याडीची मशीन बंद, सीधी गोष्ट हाये.

अन् त्या गाडीच्या कॅमशापच्या सिलातून तेल निघे. कॅमशाप म्हणजे इंजिनच्या डोस्क्यातला दांडा, त्याच्या तोंडाशी रबराची कडी असते, थे सील. तिथलं तेल बाजूच्या टायमिंग बेल्टवर जाते, बेल्ट फुगते, अन् चालत्या गाडीत तुटला का इंजिन खलास. जुनं सील काढलं तं लाकडासारखं कडक झालतं. नवं टाकलं, बेल्ट बी नवा टाकला. महिना नाही झाला तं पुन्हा तेल. मंग म्या दांडा पाह्यला, जुन्या सिलानं त्याच्यावर नखाले लागन अशी खाच पाडलेली. म्हटलं सापडलं, अन् दुसरं सील जरा आत बसवलं, कोऱ्या जाग्यावर. लय खुश होतो, घरी बायकोले सारं समजावून सांगतलं, थे म्हणे जेवा आता. अन् गाडी तिसऱ्यांदा आली जी, बेल्टचं झाकण काढलं तं आत तेलच तेल.

त्या दिवशी भाऊचा जवाई संग होता. थो म्हणे मामाजी, गाडी संपली हाये, भंगारात देऊन टाका. मांगच्या सीटवर याडी बसून होती, तिच्याकडं पाह्यलं अन् मान खाली घातली भाऊनं. उद्या मशीनचा दिवस होता, अन् एष्टी स्टँडचं दोघा नवराबायकोच्या बी ध्यानात होतं.

पण माह्या डोस्क्यात काहून बसलं होतं. सील नवं, जागा कोरी, मंग तेलाले बाहेर कोण ढकलून राह्यलं? फडकं फेकलं बाजूले, पुसलंच नाही. गाडी चालू केली अन् तेल भरायचं झाकण ढिलं केलं, तं थे असं नाचाले लागलं जसं भाताच्या गंजावरचं, अन् खालून फस्स फस्स हवा. म्हणजे सास कोंडली होती. इंजिनले सास सोडाले एक पाइप असते, ब्रीदर म्हणतेत त्याले. थो बंद झाला का आतली हवा तेल घेऊन जिथून जागा भेटन तिथून निघते. अन् आमी बिचाऱ्या सिलाले शिव्या देऊन राह्यलो!

पाइप चाचपला. मांगं कोण्या मिस्त्रीनं थो, इंजिन ज्यातून हवा ओढते त्या फिल्टरच्या डब्यातून काढून तसाच लोंबता सोडलेला. तोंड कायं कुट्ट. पेचकसानं उकरलं, तं निघाला कापूस, वातीसारखा वळून ठासून भरलेला, वरून चिंधी. आता आमच्याकडं कापूस कुठी नाही लावत, कान दुखला लाव कापूस, रक्त निघालं लाव कापूस, उंदराचं बीळ दिसलं लाव कापूस, पण इंजिनात? म्हटलं भाऊ, हे कोणं केलं, काहून केलं. थो म्हणे माह्या मायची आन, मी नाही. जवाई म्हणे मले तं बोनट बी उघडता येत नाही.

तवा मांगून आवाज आला.

म्या लावला.

याडी दरवाजा धरून उतरली. म्हणे मशीनवरून येतांना जळक्या तेलाचा वास गाडीत भरते, पोटात ढवळते, मले सहन होत नाही. एक डाव ह्यायनं पाणी टाकाले बोनट उघडलं तवा नाकानं शोधला पाइप, अन् घरच्या कापसानं बुजवला. तुमी सारे इंजिनले इचारून राह्यले, मले कोणं इचारलं? अन् मंग गाडीवर हात ठेवला तिनं. म्हणे मिस्तरी, माह्या हातानं गाडी मेली का?

माह्या डोयात पाणी आलं, खोटं कायले सांगू. म्हटलं याडी, तुहं नाक बरोबर होतं, कापसाची जागा तेवढी चुकली. नवा पाइप घेतला, फिल्टरच्या डब्यात जिथल्या तिथं जोडला, क्लिपा आवळल्या, म्हणजे थो वास आता इंजिनच खाते. मंग सील टाकलं, बेल्ट टाकला. दुसऱ्या दिवशी गाडी यवतमाळले गेली.

तवापासून कोणती बी गाडी येवो, मी आधी इचारतो, मांगच्या सीटवर कोण बसते? लोकं हासतेत. हासा म्हटलं.

परवा यवतमाळहून येतांना भाऊनं गॅरेजसमोर गाडी उभी केली. मी बोलाले गेलो तं त्यानं तोंडावर बोट ठेवलं अन् मांगं दाखवलं. याडी झोपून होती, तोंड उघडं टाकून. हळूच म्हणे, यवतमाळ सुटलं तवाची झोपली हाये, पह्यले सारा रस्ता खिडकीतून तोंड काढून बसे. मंग म्या बोनट उघडलं नाही, आवाज झाला असता. वाकलो, इंजिनखाली हात फिरवला, उजेडात धरून पाह्यला. कोरडा. म्हटलं जाय भाऊ, सुखानं जाय, पण गड्ड्यायतून जरा हळू घे.